खारदांड्याच्या खडकावरचे चौकोन

माझी वहिनी, रत्नप्रभा परब, पार्ल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. झुरळ कसं कापायचं ते मुलांना दाखवायचं, बरण्यांमधलं फॉर्मलिन बदलायचं, आणि एखादे सर रजेवर असले की त्यांचा तास घ्यायचा, अशी तिची नोकरी. तास घेतला तरी खुर्ची डेमॉन्स्ट्रेटरचीच. पुढची पदवी मिळाली तर लेक्चरर होता येईल, म्हणून तिने संशोधनासाठी नाव नोंदवलं होतं.

तेव्हा आमच्या घरात तिची एकटीचीच नोकरी होती. माझा मोठा भाऊ चंद्रप्रकाश, ज्याला मी दादा म्हणते, गिरणीत विणकाम खात्यात होता. ब्याऐंशीच्या संपात बाहेर पडला तो पडलाच. पहिलं वर्षभर म्हणायचा, "उघडेल गं, गिरणी कुठे पळून जातेय." मग म्हणायचं बंद केलं. खिडकीजवळच्या कॉटवर बसून राहायचा. पार्ल्याच्या पूर्वेला चाळीत आमच्या दोन खोल्या. त्यात आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी शकु, मी, आणि मालवणाकडून कामासाठी आलेला कोणी ना कोणी पाहुणा. वहिनीला अभ्यासाला जागा म्हणजे शिलाई मशीनचं वरचं फळकुट. त्यावरही कोणाला काही शिवायचं नसेल तेव्हा.

तिचा विषय काय, ते घरात कोणाला धड माहीत नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "आमची सून समुद्रार जावन दगड मोजता." मलाही तेवढंच ठाऊक होतं. एका रविवारी मी हट्टाने तिच्याबरोबर गेले.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आमच्याकडे ओहोटी भल्या सकाळी लागते, आणि पाणी पार खाली जातं. वहिनी त्या दिवसांत पोळ्या-भाजी करून, पहाटेच घराबाहेर पडायची, खारदांड्याला जायची, आणि तिथूनच परस्पर कॉलेज गाठायची. त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा कोळीवाड्यापलीकडचा काळा खडक लांबवर उघडा पडला होता. मला तो नुसता घाणेरडा दगड दिसला. वहिनीने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

"नीट बघ. वरपासून खालपर्यंत बघ."

वर, जिथे पाणी क्वचितच पोचतं, तिथे मिऱ्यांएवढे बारीक शंख फटींत दाटीवाटीने बसले होते. त्याखाली पांढऱ्या, टोकदार, डबीसारख्या कवचांचा थर. त्यांना बार्नेकल म्हणतात, एकदा चिकटले की जन्मभर तिथून हलत नाहीत. त्याखाली कालवं, एकमेकांच्या पाठीवर चढलेली. मधूनमधून टोपीच्या आकाराच्या गोगलगाई, हिरवं शेवाळ. आणि पार खाली, डबक्यांत, समुद्रफुलं. ती झाडं नव्हेत, मऊ अंगाचे प्राणी. बोट लावलं की मिटून घेतात.

"अन्न सगळ्यांना पुरतं," वहिनी म्हणाली. "ते पाण्याबरोबर येतंच. मारामारी आहे ती जागेची. ज्याला जागा मिळाली तो जगला. मग मला सांग, कालवं इतकी दांडगी, ती सगळा खडक का व्यापत नाहीत? बाकीचे टिकतात कसे?"

"मला काय विचारतेस? तुझे सर सांगतील ना."

"सर म्हणाले, तूच शोध."

तिने ते शोधण्यासाठी खडकावर चौकोन आखले होते. चारी कोपऱ्यांना ऑइल पेंटचे लाल ठिपके. दर ओहोटीला तारेची चौकट त्यावर ठेवायची आणि आत कोण किती आहे ते मोजायचं. काही चौकोन ती नुसते बघायची. काहींमधून मात्र ती एका जातीचा करडा शंख दर वेळी वेचून लांब टाकायची. हा शंख कालवाच्या कवचाला भोक पाडतो आणि आतला जीव शोषून घेतो. तो नसला तर काय होतं, ते तिला बघायचं होतं.

तिथेच मी अंजनाबाईला पहिल्यांदा पाहिलं. दांड्याचीच कोळीण, पन्नाशीची, कास घट्ट मारलेली. हातात लोखंडी टोची, काखेत टोपली. ओहोटीला ती खडकावरची कालवं फोडून मांस काढायची आणि बाजारात बसायची. पहिल्या भेटीत तिचं आणि वहिनीचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते वहिनीने मला नंतर सांगितलं. वहिनी म्हणाली होती, या लाल ठिपक्यांमधली कालवं काढू नका. अंजनाबाई उसळली होती, "खडक काय तुजे बापाचा हाय?" पण पुढल्या ओहोटीला तिने ठिपके सोडून कालवं काढली. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी ती आमच्याजवळ येऊन उकिडवी बसली. शंख काढलेल्या चौकोनात कालवं खच्चून भरली होती. बार्नेकल त्यांच्याखाली गाडले गेले होते, टोपीवाल्या गोगलगाई दिसतच नव्हत्या. शेजारच्या चौकोनात, जिथे शंख होते, तिथे कालवं विरळ होती. मधल्या मोकळ्या जागांत बाकी सगळे सुखाने नांदत होते.

"बघितलंत अंजनाबाई?" वहिनी म्हणाली. "हा खातो, म्हणून बाकीच्यांना जागा होते."

अंजनाबाईने दोन्ही चौकोन न्याहाळले. "मंग सगलीकरचे शंख काढून टाक ना. माजी टोपली भरंल."

"अहो, मग बाकीचं सगळं मरेल."

"मरू दे की. ते काय बाजारात इकतंय?"

वहिनीला इतकं मोकळं हसताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे माझं लग्न ठरलं. मी मुलुंडला जाणार होते. त्याच हिवाळ्यात, शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, ते घडलं.

अमावास्येनंतरची सकाळ होती. वहिनी सर्वांत खालच्या चौकोनांवरचं काम संपवून परत फिरली. घाईत होती, कारण कॉलेजात प्रॅक्टिकल होतं आणि प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या तिच्याच पर्समध्ये होत्या. वाटेत एक मोठी सपाट शिळा होती, तिच्यावरून ती नेहमी जायची. त्या दिवशी पाय पडला आणि शिळा कलली. वहिनीचा डावा पाय शिळेच्या आणि खालच्या खडकाच्या फटीत पिंढरीपर्यंत गेला. शिळा परत जागेवर बसली. पाय आत राहिला.

तिने ओढून पाहिला. फटीच्या दोन्ही कडांना कालवं होती, त्यांच्या धारा मांसात रुतल्या. जेवढी ओढ घेतली तेवढा पाय आणखी अडकला. मग तिने हाका मारल्या.

अंजनाबाई दूरच्या खडकावर होती. ती धावत आली. टोची फटीत घालून तिने जोर लावला, तर टोचीच वाकली. दोघींनी मिळून शिळा ढकलली. ती हलली नाही.

अंजनाबाईने समुद्राकडे पाहिलं. "पानी लागलं वर चरायला. मी गावात जाते, मानसा आनते."

वहिनीने तिचा हात पकडला. "जाऊ नका. मला एकटीला टाकून जाऊ नका."

"नाय गेली तं दोघी मरू. सोर हात." आणि तिने तो हात अक्षरशः पिळून सोडवला. टोपली तिथेच टाकली आणि कोळीवाड्याच्या दिशेने गेली.

पुढची वेळ वहिनीने एकटीने काढली. किती वेळ होता ते तिलाही सांगता आलं नाही. तिने मला हे सगळं पुष्कळ नंतर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

तिची नजर समोरच्या लाटांवर होती, पण पाणी आलं मागून, फटींतून, आवाज न करता. आधी पायाची जखम चरचरली, मग गुडघा भिजला. अर्धवट बसलेल्या अवस्थेत तिला धड उभं राहता येईना, धड बसता येईना. ती ओरडत होती, पण वारा समुद्रावरून येत असूनही किनाऱ्यावर कोणी मान वळवत नव्हतं. लांब कोणीतरी बोंबील वाळत घालत होतं. माणूस दिसत होतं, ऐकत नव्हतं. काही वेळाने घसा बसला.

मग पाणी कमरेला आलं, आणि ती खाली बघू लागली. शेजारीच तिचा एक चौकोन होता. दोन वर्षं तिने तो फक्त ओहोटीला पाहिला होता, कोरडा आणि मिटलेला. आता तो उघडला. बार्नेकलच्या प्रत्येक डबीचं झाकण सरकलं आणि आतून पिसासारखे बारीक पाय बाहेर येऊन पाणी ओढायला लागले. कालवं किंचित फाकली. समुद्रफुलं फुलली. आणि तो करडा शंख फटीतून निघाला, सावकाश, वाट माहीत असल्यासारखा, एका कालवाकडे गेला, त्याच्यावर चढून बसला.

"मी इतके दिवस झोपलेल्यांचीच शिरगणती करत होते गं," ती मला म्हणाली.

"त्या वेळी तुला ते सुचलं? भीती नाही वाटली?"

"भीती तर होतीच. पण दुसरीकडे बघून काय करणार होते?" मग म्हणाली, "एक सांगू? मधेच असंही वाटून गेलं, की इथे निदान मला कोणी हाक मारत नाहीये. पोळ्या झाल्या का, किल्ल्या कुठायत, पगार कधी. आणि लगेच शकु आठवली आणि मी पुन्हा ओरडायला लागले."

पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा अंजनाबाईचा नवरा अनंता तीन गड्यांना घेऊन पोचला. त्यांच्याकडे जाडजूड बांबू होता. पाणी उडत होतं, लाट आली की वहिनीच्या तोंडात जात होती. अंजनाबाईने मागून तिच्या काखांत हात घालून तिला वर उचलून धरलं. अनंताने बांबूचं टोक शिळेखाली खुपसलं, पण एकदम जोर लावला नाही.

"लाट येऊ द्या," तो गड्यांना म्हणाला. "दगड पान्यात हलका होतो. लाटेबरोबर उचला."

पहिल्या लाटेला बांबू सटकला. दुसऱ्या लाटेला शिळा बोटभर उठली आणि अंजनाबाईने वहिनीला मागे खेचलं. हाड मोडल्याचा आवाज वहिनीने स्वतः ऐकला. तिला उचलून किनाऱ्यावर आणलं, तिथून रिक्षाने हॉस्पिटलात. अंजनाबाई मांडीवर तो पाय घेऊन बसली होती, तिचं लुगडं रक्ताने भिजलं होतं. वहिनी शुद्धीवर होती आणि सारखं एकच सांगत होती, "कॉलेजात कळवा. किल्ल्या माझ्याकडे आहेत."

पिंढरीचं हाड मोडलं होतं आणि घोटा चुरडला होता. मांडीपर्यंत प्लॅस्टर. आमच्या घरात कॉट एकच, खिडकीजवळची, दादाची. ती वहिनीला मिळाली आणि दादा खाली चटईवर आला. आईने नारळ फोडला, वहिनीच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "देवान वाचवल्यान. आता पुरे झाला तां शिकाप. घरातला माणूस गेला असता तर त्या पदवीक काय करूचा होता?"

वहिनीने तोंड भिंतीकडे वळवलं. दिवसभर ती आणि दादा त्या एका खोलीत समोरासमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघं असे दिवसचे दिवस एकत्र कधी नव्हतेच. आधी त्याच्या पाळ्या, नंतर तिची नोकरी. माझ्या लग्नाच्या खरेदीतून मी परत आले की मला ते दोघं तसेच दिसायचे, ती भिंतीकडे बघत, तो जमिनीकडे.

एका दुपारी वहिनीने विचारलं, "अहो, तुम्ही इथे बसून दिवसभर काय बघत होतात?"

"काय नाय. समोरच्या टाकीवर कावळे बसतात."

"चार वर्षं कावळे?"

"चार वर्षं." मग तो म्हणाला, "तुला आता कळेल."

हे त्याने टोचून म्हटलं की कसं, ते मला समजलं नाही. पण वहिनी रडायला लागली. पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. दादा गोंधळला. उठला, पाणी दिलं, पुन्हा बसला. "काय दुखतंय का?"

"पौर्णिमा आली. शंख परत शिरतील चौकोनात. दोन वर्षांचं काम गेलं माझं."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादा घरात नव्हता. आईला वाटलं, गिरणीची काही बातमी असेल. तो उन्हं वर आल्यावर परतला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, तळहात कापलेला.

"त्या बाईने आधी हाकललंच मला," तो वहिनीला म्हणाला. "म्हणते, चौकोनाला हात लावशील तर टोची घालीन. तुझं नाव सांगितलं तेव्हा थांबली."

"शंख?"

"काढले. म्हणजे, ते करडेच ना? काळेही होते."

"काळे कशाला काढलेत?" वहिनी कॉटवरून ओरडली. "काळे शेवाळ खातात! त्यांनी काय बिघडवलंय?"

"मला काय माहीत? सगळे सारखेच दिसतात."

शेजारपाजारचे ऐकत होते. घरात भांडण नवीन नव्हतं, पण शंखाच्या रंगावरून पहिलंच. त्या संध्याकाळी वहिनीने त्याला चित्रं काढून दाखवली. पुढच्या ओहोटीला तो तारेची चौकट घेऊन गेला. आकडे चुकायचे, तर ती त्याला फैलावर घ्यायची. तो चिडून म्हणायचा, "मग तूच जा," आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जायचा. अंजनाबाई त्याला जागा दाखवायची, त्याच्याकडे वहिनीसाठी कालवं पाठवायची. वहिनीचे सर घरी येऊन गेले आणि म्हणाले, काम मध्येच तुटलं नाही हे उत्तम, पुढचा पावसाळा धरून आणखी एक वर्षाची मोजणी होऊ दे, मग लिहायला घ्या. दादा दाढी करायला लागला. आईसुद्धा विचारायची, "काय रे, आज कितके मिळाले?"

मी मे महिन्यात लग्न होऊन मुलुंडला गेले. वहिनीचं प्लॅस्टर निघालं, पण घोटा वळेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सपाट जमिनीवर चाला, ओल्या दगडावर पाय ठेवायचा नाही. ती लंगडत कॉलेजात जायला लागली. खडकावर दादाच जात राहिला.

आणि दिवाळीच्या आधी दादाला नोकरी लागली. घाटकोपरला पंप बनवायचा कारखाना होता, तिथे स्टोअरमध्ये. सकाळची पाळी.

बातमी कळली म्हणून मी माहेरी आले. घरात पेढे होते. आई देवासमोरून उठत नव्हती. शकु नव्या फ्रॉकचं काय ते ठरवत होती. दादाचा चेहरा मी कितीतरी वर्षांनी असा पाहत होते. वहिनीनेही पेढा खाल्ला, त्याच्या पाया पडली, म्हणाली, "फार छान झालं." मग आत जाऊन चहा ठेवला. चहा उतू गेला तरी ती गॅसपाशीच उभी होती.

दादाच्याही ते लक्षात आलं असावं. "रविवारी जाईन ना मी," तो आत डोकावून म्हणाला.

"हो. जा की."

पण अमावास्या काही रविवार बघून येत नाही. एकदा-दोनदा तो गेला, तेव्हा चौकोन पाण्याखाली होते. नंतर रविवारी तो झोपायचा. जवळजवळ पाच वर्षांनी कामावर गेलेला माणूस, थकायचा. अंजनाबाईने आपणहून निरोप पाठवला की मी शंख काढते. तिने ते काही महिने काढलेही. पण मोजणार कोण? मधली मोजणी गेली, ती गेलीच. सरांनी मुदत वाढवून घेतली, मग ते निवृत्त झाले. नवीन सरांना या विषयात रस नव्हता. वहिनीची नोंदणी रद्द झाली.

ती डेमॉन्स्ट्रेटरच राहिली. अंजनाबाई कधीमधी पार्ल्याच्या बाजारात आली की वर येऊन चहा पिऊन जायची. दोघी फार बोलायच्या नाहीत. वहिनीच्या पायाकडे बघून ती दर वेळी म्हणायची, "जोरात वढला मी. हलू वढायला पायजे होता."

"हळू ओढला असता तर मी इथे नसते," वहिनी म्हणायची.

दोनेक वर्षांनी एकदा मी मुक्कामाला होते. दादा कामावर, आई देवळात. मी म्हटलं, "वहिनी, पुन्हा सुरू कर ना. आता घरात दोन पगार आहेत. एखाद्या मुलीला हाताशी घे, ती खडकावर जाईल, तू लिही."

वहिनी शकुचे केस विंचरत होती.

"नोंदणी रद्द झाली ना, त्याच सुमारास त्यांच्या कारखान्यात टाळेबंदी होणार अशी अफवा उठली होती," ती म्हणाली. "हे घरी आले, पांढरेफटक. आणि प्रेमा, माझ्या मनात पहिलं काय आलं माहितेय? बरं झालं, आता हे ओहोटीला जातील. समोर नवरा असा उभा, आणि मला आनंद झाला होता. खराखुरा आनंद."

"अगं, एक विचार आला एवढंच."

"येऊ दे ना. पण त्या माणसाने माझ्यासाठी हात कापून घेतले होते. मी सगळे कागद बांधून कॉलेजच्या कपाटात ठेवले. आहेत तिथे. पुन्हा उघडले तर पुन्हा मनात तेच येईल."

शकु ओरडली, "आई, दुखतंय!" वहिनीने हात सैल केला, तिच्या वेण्या घातल्या, आणि पोळ्यांची कणीक भिजवायला आत गेली.